भिंतीच्या आत, भिंतीच्या बाहेर: शाळा आणि रॉक संगीत

रॉक संगीताचा इतिहास सांगताना अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूजपासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तथापि या संगीताला ‘बंडखोर’ हे विशेषण जगभर चिकटले ते एका शाळेमुळे, आणि तीही पडद्यावरच्या शाळेमुळे. रिचर्ड ब्रुक्स यांचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ हा चित्रपट १९५५ साली प्रदर्शित झाला. इव्हान हंटर यांच्या १९५४ मधील कादंबरीवर तो बेतलेला होता. न्यूयॉर्कमधील एका शाळेतील बेबंद मुले आणि तेथे नव्याने रुजू झालेला इंग्रजीचा शिक्षक यांच्यातील संघर्ष हा त्याचा विषय. चित्रपटाच्या आरंभी बिल हेली आणि त्याच्या साथीदारांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणे वाजते. आदल्या वर्षी निघालेली ही तबकडी तोवर फारशी गाजली नव्हती. चित्रपटानंतर ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ब्रिटनमध्ये या चित्रपटाच्या वेळी तरुण प्रेक्षकांनी खुर्च्या फाडल्याच्या बातम्या छापून आल्या. इटलीतील अमेरिकी राजदूत क्लेअर बूथ लूस यांच्या आक्षेपामुळे तो व्हेनिसच्या महोत्सवातून मागे घ्यावा लागला.

या चित्रपटातील एक प्रसंग आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. एक शिक्षक वर्षानुवर्षे जमवलेल्या जाझच्या तबकड्या मोठ्या आशेने वर्गात आणतो आणि मुले त्या एकेक करून फोडून टाकतात. म्हणजे येथे संगीताचा द्वेष करणारी शाळा आणि संगीतप्रेमी मुले अशी सोपी मांडणी नाही. शिक्षकाजवळही संगीत आहे. फक्त ते मुलांचे नाही. वर्गात कोणाचे गाणे वाजणार, असा हा झगडा आहे. हा प्रश्न पुढील सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांतील शाळांत पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्यांपैकी काही शाळांचा विचार येथे करावयाचा आहे, आणि अखेरीस आमच्या मराठी शाळेचाही.

पहिली शाळा आपल्या पाचगणीची. झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. वडील झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला संगीताची समज आहे हे शाळेच्या लक्षात आले. घरच्यांनी जादा शुल्क भरले आणि त्याचे पियानोचे शिक्षण सुरू झाले. १९५८ साली त्याने चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत. बलसारा पियानोवर असे. याच मुलाला पुढे जग फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखू लागले. त्याच्या साथीदारांपैकी डेरिक ब्रँच हे ब्रिटनमध्ये अभिनेते झाले, तर नेपाळचे व्हिक्टरी राणा सेनाधिकारी होऊन पुढे सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख झाले.

सह्याद्रीतील एका थंड हवेच्या गावी हे संगीत त्या काळी कसे पोचले असेल? याचे उत्तर भारतीय नभोवाणीच्या इतिहासात आहे. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री होते. श्रोत्यांची अभिरुची शास्त्रीय संगीताकडे वळवावी या हेतूने त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर कात्री चालवली. परिणाम असा झाला की श्रोते आपला काटा रेडिओ सिलोनकडे वळवू लागले. तेथे हिंदी चित्रपटगीते होती, तशी इंग्रजी सेवेवर पाश्चात्त्य लोकप्रिय गाणीही होती. उन्नत अभिरुचीचा आग्रह धरणारा मंत्री आणि त्याच्या आग्रहामुळे घराघरांत शिरलेले परके संगीत, हा विरोधाभास वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. शिक्षकाच्या जाझच्या तबकड्या आणि मंत्र्यांचे शास्त्रीय संगीत यांची जात एकच म्हणावी लागेल.

पाचगणीच्या मुलांना बंडखोर म्हणावे का? आमच्या मते नाही. शाळेने पियानो दिला, मंच दिला, टाळ्याही दिल्या. घरापासून समुद्रापलीकडे ठेवलेल्या मुलांना हे गाणे आधार देत असेल, एवढे म्हणता येईल. बंडाचा सूर उचलून घ्यावा, पण ज्याविरुद्ध बंड करावे असे काही समोर नसावे, अशी ही अवस्था आहे. ती समजून घेतल्याखेरीज पुढील इतिहास नीट उलगडत नाही.

दुसरी शाळा लंडनमधील. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा ‘द वॉल’ हा अल्बम नोव्हेंबर १९७९ मध्ये निघाला. त्यातील ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ या गाण्याचा दुसरा भाग म्हणजे शाळेविरुद्ध रचलेले जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध गाणे. गीतकार रॉजर वॉटर्स यांचे शालेय शिक्षण केंब्रिजमध्ये झाले. वडील स्वतः शिक्षक होते. ते १९४४ साली इटलीत आन्झिओच्या लढाईत मारले गेले. तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. अपमान करून मुलांना साच्यात बसवणाऱ्या शाळेची जी चीड गाण्यात उतरली आहे तिच्यामागे युद्धोत्तर इंग्लंडमधील शाळांचा अनुभव आहे. आपला रोष शिक्षणावर नसून जुलमी शिक्षकांवर आहे, असे वॉटर्स यांनी पुढे सांगितले.

परंतु हे गाणे ज्यामुळे अजरामर झाले तो मुलांचा समूहस्वर मुळात योजलेलाच नव्हता. गाणे फार आखूड होते, एकच कडवे आणि ध्रुवपद. ते वाढवण्यासाठी निर्माता बॉब एझ्रिन याला शाळकरी मुलांची आठवण झाली. १९७२ साली ॲलिस कूपरच्या ‘स्कूल्स आउट’ या गाण्यात मुलांचा आवाज वापरणारा निर्माताही तोच होता. लंडनच्या इझलिंग्टन भागात वाद्यवृंदाचा स्टुडिओ होता आणि जवळच इझलिंग्टन ग्रीन ही सरकारी शाळा. तेथील संगीतशिक्षक ॲलन रेनशॉ यांनी वर्गातील २३ मुले स्टुडिओत नेली. तोच स्वर पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचला गेला आणि २३ मुलांची मोठी फौज झाली. गाण्याचे शब्द कळल्यावर मुख्याध्यापिका अस्वस्थ झाल्या. मुलांना चित्रफितीत दिसण्यास त्यांनी मनाई केली. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने नापसंती व्यक्त केली. गाणे मात्र ब्रिटनमध्ये १९७९ अखेर पहिल्या क्रमांकावर पोचले आणि नवे वर्ष उजाडले तरी तेथेच होते. रेनशॉ पुढे लवकरच ऑस्ट्रेलियाला निघून गेले.

शाळेला या कामाचे एक हजार पौंड मिळाले. ज्या मुलांचा आवाज जगभर विकला गेला त्यांनी स्वामित्वधनासाठी मागणी केली ती थेट २००४ साली, आणि तीही १९९६ मध्ये ब्रिटनच्या कायद्यात झालेल्या बदलामुळे शक्य झाली. शाळेच्या जुलमाविरुद्ध गाणाऱ्या या मुलांना ते गाणे गायला नेले त्यांच्याच शिक्षकाने, लपवले मुख्याध्यापिकेने आणि मोबदल्याविना वापरले संगीत-उद्योगाने. बंडाचा आवाज मुलांचा होता. बंडाची मालकी त्यांची नव्हती. रेनशॉ यांच्याविषयी आम्हांला तरीही आदर वाटतो. मुलांनी बनवलेले, वाजवलेले संगीत म्हणजेच संगीताचे शिक्षण, या त्यांच्या धारणेत काही खोट दिसत नाही.

आता आमच्या शाळांकडे. आम्ही, या लेखाचे लेखक, महाराष्ट्राच्या निरनिराळ्या तालुक्यांच्या गावी मराठी माध्यमात शिकलो. १९९० चे दशक होते. हे गाणे आमच्यापर्यंत येईतो पंधरा वर्षांचे जुने झाले होते, पण आम्हांला ते नवे कोरे वाटले. ते कसे आले याचाही एक छोटा सामाजिक इतिहास आहे. राज्यात १९८३ नंतर विनाअनुदान तत्त्वावरील खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि आडगावांच्या माळावर वसतिगृहे उभी राहिली. परप्रांतांतून, शहरांतून आलेली मुले सोबत कॅसेटी घेऊन आली. कोणाचा थोरला भाऊ अशा वसतिगृहात असे. त्याची कॅसेट सुटीत घरी येई आणि बाजारपेठेतल्या कॅसेटच्या दुकानात साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ‘भरून’ घेतली जाई. दुकानदार वेष्टनावर बॉलपेनने देवनागरीत नाव लिहून देई. भरताना शेवटचे गाणे अर्धे तुटे. आम्ही ते तसेच तुटलेले पाठ केले. १९९१ नंतर केबलवर एमटीव्ही आणि १९९४ पासून चॅनेल व्ही आले, पण ज्याच्या घरी केबल त्याच्या घरी संध्याकाळी इतर मुलांना बसू देतीलच असे नव्हते.

त्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवले जाई. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्यामुळे आठवीतल्या मुलाच्या गाठीला तीन वर्षांचे इंग्रजी होते. तेवढ्या भांडवलावर शब्द कळणे कठीणच. पण एक गोष्ट नेमकी कळली. त्या गाण्याच्या ध्रुवपदात दुहेरी नकार आहे. नकारावर नकार चढवला की अर्थ होकारी होतो, असे व्याकरणाच्या तासाला आम्हांला बजावले होते. गाण्यातली मुले ती चूक जाणूनबुजून, ठासून आणि सामुदायिकपणे करीत होती. आमच्या सरांनी त्याखाली लाल शाईची रेघ मारली असती, असे आम्ही एकमेकांना म्हणालो आणि खूप हसलो. व्याकरण मोडूनही वाक्य उभे राहते, नव्हे मोडल्यामुळेच उभे राहते, हा भाषेचा पहिला धडा आम्हांला तेथे मिळाला. पुढे एम.ए.च्या वर्गात नामदेव ढसाळांचा १९७२ मधील ‘गोलपिठा’ वाचताना प्रमाणभाषेचे कुंपण उखडणे म्हणजे काय यावर चर्चा झाली, तेव्हा त्या चर्चेची पूर्वतयारी आमच्यापाशी होती.

तरीही हे नमूद केले पाहिजे की हे बंड आमच्याकडे वरच्या अंगाने आले. ते इंग्रजीत होते, आणि इंग्रजी ही आमच्या गावात अधिकाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या मुलांची भाषा होती. ज्याच्याजवळ ती कॅसेट असे त्याचा वर्गात दबदबा वाढे. शाळा नको म्हणणारे गाणे ऐकणाऱ्या मुलांना चांगल्या शाळा मिळत होत्या, शिकवण्या होत्या, पुढचा प्रवेश बहुधा ठरलेला होता. इंग्लंडमधल्या मुलाला जी भिंत वाटली ती आमच्यापैकी कित्येकांना शिडी वाटत होती. मागच्या बाकावरची काही मुले तर घरातून शाळेत आलेली पहिलीच होती. त्यांच्या तोंडी हे ध्रुवपद घातले तर त्याचा अर्थ काय होतो?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या शाळकरी वयाआधीच एका देशाने दिले होते. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी मुद्दाम हलक्या दर्जाचे शिक्षण योजले होते. निम्मे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवण्याच्या सक्तीविरुद्ध सोवेटोची मुले १६ जून १९७६ रोजी रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. शिक्षणाच्या माध्यमासाठी मुलांनी प्राण दिल्याचे हे उदाहरण मराठीच्या अध्यापकांनी तरी विसरू नये. पुढे १९८० च्या एप्रिलमध्ये केपटाऊन परिसरातील मिश्रवर्णीयांच्या शाळांतून विषम शिक्षणाविरुद्ध बहिष्कार सुरू झाला आणि देशभर पसरला. या बहिष्कारातील मुलांनी पिंक फ्लॉइडचे हेच गाणे उचलले. त्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारने त्यावर बंदी घातली.

येथे गाण्याचा एकही शब्द न बदलता त्याचा अर्थ पालटला. इझलिंग्टनची मुले गात होती तेव्हा ते सुशिक्षित समाजाने शिक्षणावर काढलेला राग होता. केपटाऊनची मुले गात होती तेव्हा ती चांगल्या शिक्षणाची मागणी होती. आम्हांला हे शिक्षण नको, कारण आम्हांला खरे शिक्षण हवे आहे, असा त्या नकाराचा अर्थ. मघाशी आम्ही व्याकरणाच्या दुहेरी नकाराविषयी बोललो. आमच्या सरांचा नियम येथे वेगळ्याच रीतीने खरा ठरला आणि नकार होकार झाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे. संहितेचा अर्थ संहितेत असतो तितकाच तो ती उच्चारणाऱ्याच्या जागेत असतो, हे सिद्धान्ताच्या पुस्तकांतून पटवताना आमची बरीच दमछाक होते. या दोन शाळा शेजारी ठेवल्या की ते चटकन पटते.

मराठी परंपरेकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? शाळेविषयीचे आमचे बंडखोर गाणे बहुतांशी भिंतीच्या बाहेर उभे राहून गायले गेले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांची शाळा दीड दिवसाची, असे सांगितले जाते. जातीच्या अपमानामुळे ती सुटली. त्याच अण्णाभाऊंनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) प्रौढ वयात अक्षरे शिकले आणि मग हजारो गाणी रचून गावोगाव फिरले. आंबेडकरी जलशांतील शाहीर व्यवस्थेला शिव्याशाप देतो, पण शाळेला नाकारत नाही. उलट पोरांना शाळेत घाला म्हणून डफावर थाप मारतो. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभीच साऱ्या अनर्थाचे मूळ विद्येच्या अभावात दाखवले होते. त्या परंपरेत शाळा ही तुरुंगाची भिंत नाही. ती आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली भिंत आहे, आणि बंड आहे ते आत शिरण्यासाठी.

भिंतीच्या आतून आलेला मराठी नकारही आहेच. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या महाविद्यालयातून आणि वसतिगृहातून उबगून गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर हा आमच्या दृष्टीने त्या गाण्याचा सख्खा चुलतभाऊ. भाषेची तोडमोड, थट्टेखाली दडवलेले दुःख, वडिलांशी वैर, सारे काही आहे. आणि वडिलांचे पैसेही आहेत. शिक्षण वाया घालवण्याची मुभा ज्याला आहे त्याचाच हा नकार. यात कादंबरीचे उणेपण नाही. नेमाड्यांनी ते पैसे लपवलेले नाहीत, उलट त्यांचा हिशेब मांडला आहे. लंडनच्या गाण्यात तो हिशेब नाही.

आमच्या शाळकरी दशकातच, ११ जुलै १९९७ रोजी, मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट त्यांच्यापासून सुरू होतो. त्या वर्षी आमच्या केबलवर जे बंडखोर दिसत होते त्यांच्या गिटारी महाग होत्या आणि त्यांच्या क्रोधाला प्रायोजक होते. पंचवीस रुपयांच्या कोऱ्या कॅसेटवर भरलेली भीमगीतेही त्याच बाजारपेठेत, त्याच दुकानात मिळत. दुकानदाराच्या फळीवर ती दोन्ही संगीते शेजारी होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र दोहोंनाही जागा नव्हती. एकाला ‘पाश्चात्त्य धांगडधिंगा’ म्हणून, दुसऱ्याला ‘वाद नको’ म्हणून. नाकारण्याची कारणे भिन्न असली तरी कात्री एकच होती, आणि ती केसकरांच्या कात्रीच्या घराण्यातली होती.

ॲलन पार्कर यांनी ‘द वॉल’वर १९८२ साली चित्रपट केला. त्यात वर्गात चोरून कविता लिहिणारा एक मुलगा सापडतो. शिक्षक ती कविता साऱ्या वर्गासमोर कुत्सितपणे वाचून दाखवतो, मुले हसतात आणि शिक्षक पुन्हा धडा सुरू करतो. पुढे हाच शिक्षक घरी स्वतःही दबून राहणारा दाखवला आहे. शाळकरी वयात आम्ही त्या मुलाकडेच पाहत होतो. आज आम्ही टेबलाच्या या बाजूला आहोत आणि तो शिक्षक आम्हांला अधिक ओळखीचा वाटतो. पोर्शन संपवण्याची घाई, तपासायचे गठ्ठे, तासिका तत्त्वावर राबणारे सहकारी, या साऱ्यांतून एखाद्या मुलाची वही ओढून घेण्याचा क्षण कसा येतो हे आम्ही जाणतो.

इझलिंग्टन ग्रीन शाळा २००८ साली त्या नावाने बंद झाली आणि तिच्या जागी नव्या नावाची शाळा आली. पाचगणीची शाळा अद्याप आहे. आमच्या वर्गांतील मुले कानांत इअरफोन घालून काय ऐकतात ते आता बाजारपेठेतल्या दुकानदारालाही सांगता येणार नाही. कॅसेटची दुकाने गेली. वामनदादांची गाणी आणि पिंक फ्लॉइड आज एकाच फोनमध्ये असू शकतात. आम्ही गेली काही वर्षे पदव्युत्तर वर्गात ‘कोसला’ शिकवताना एक तास शाहिरी जलशासाठी आणि एक तास केपटाऊनच्या त्या बहिष्कारासाठी राखून ठेवतो. अभ्यासक्रमात तसे लिहिलेले नाही. तासाच्या अखेरीस एकच प्रश्न विचारतो: शाळा नको असे म्हणणारा तुमच्यापैकी कोण, आणि ते म्हणायला त्याला किती खर्च आला? पहिल्या बाकावरून उत्तरे लवकर येतात. आम्ही मागच्या बाकांची वाट पाहतो.